तिसरा हिस्सा
पदवीचे शिक्षण आणि लोकांची भागीदारी : एक ऐतिहासिक मागोवा

बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचा विषय निघाला, की श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून आणलेले विल्यम बोर्डेन, त्यांनी उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगाव जाणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या यांचे स्मरण होते. ते योग्यच आहे. परंतु ही चळवळ ज्या पायावर उभी राहिली तो पाया एका साध्या आर्थिक नियमात होता, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. एखाद्या गावाने वाचनालयासाठी ठराविक रक्कम वर्गणीने जमविली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावयाची आणि तेवढीच सरकारने. वाचनालयाची इमारत बांधावयाची झाली तरी हाच हिशेब लागू असे. एक हिस्सा राज्याचा, एक प्रांताचा आणि एक खुद्द गावाचा.

सयाजीरावांना सर्व खर्च तिजोरीतून करणे अशक्य होते असे नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करताना त्यांनी लोकांच्या वर्गणीची वाट पाहिली नव्हती. वाचनालयाच्या बाबतीत मात्र लोकांचा हिस्सा आवश्यक मानला गेला. यामागील दृष्टी स्पष्ट आहे. शाळेत मूल हुकुमाने बसविता येते. वाचनालयात माणूस हुकुमाने येत नाही. ज्या गावाने पदरचे चार पैसे घातले, ते गाव कोणती पुस्तके घ्यावीत हे सांगेल, हिशेब विचारील आणि कपाटाला कुलूप लागले तर जाबही मागेल. गावाचा हिस्सा ही केवळ आर्थिक मदत नव्हती. तो गावाचा अधिकार होता.

आज विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांत लोकसहभागाचा मोठा बोलबाला आहे. विद्यार्थ्याने गावात, वस्तीत वा सामाजिक संस्थेत जाऊन काम करावे आणि त्या कामाचे मोल पदवीत धरले जावे, ही कल्पना आता सरकारी धोरणाचा भाग झाली आहे. या कल्पनेचा आपल्या देशातील इतिहास शंभर वर्षांच्या जवळपास जातो. तो तपासताना बडोद्याचा जुना नियम मोजपट्टीसारखा उपयोगी पडतो. विद्यापीठ आपला हिस्सा घालते, शासन आपला घालते. परंतु लोकांचा हिस्सा, आणि त्यासोबत येणारा लोकांचा अधिकार, या व्यवहारात कोठे आहे?

परीक्षा घेणारी विद्यापीठे

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते; अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकविण्याचा मार्ग मोकळा केला, तरी पदवी म्हणजे परीक्षा हे समीकरण समाजाच्या मनात पक्के बसले होते. अशा विद्यापीठाचा भोवतालच्या लोकांशी संबंध येण्याचे कारणच नव्हते.

या व्यवस्थेच्या मुळावर बोट ठेवण्याचे काम महात्मा जोतीराव फुले यांनी फार लवकर केले. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. त्यांची मागणी प्राथमिक शिक्षणाकडे अधिक लक्ष द्यावे अशी होती. तथापि तिच्यामागचा प्रश्न उच्च शिक्षणालाही तितकाच लागू पडतो. रयतेने आपला हिस्सा आधीच घातलेला आहे, तर तिच्या पदरात काय पडते? पुढील सर्व प्रयोगांच्या तळाशी हाच प्रश्न आहे.

इंग्लंडात याच सुमारास एक निराळी हालचाल चालू होती. जेम्स स्टुअर्ट यांच्या प्रयत्नांतून १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेरील लोकांसाठी व्याख्यानांची रीतसर व्यवस्था केली. १८८४ मध्ये लंडनच्या दरिद्री पूर्व भागात सॅम्युअल बार्नेट यांनी टॉयनबी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड व केंब्रिजचे तरुण तेथे गरीब वस्तीत मुक्काम करून राहत. पहिल्या प्रयोगात ज्ञान विद्यापीठातून लोकांकडे जात होते. दुसऱ्यात विद्यार्थी स्वतः लोकांत जाऊन राहत होता.

नागपाड्याचे घर

मुंबईत या दुसऱ्या वाटेने जाणारा प्रयत्न १९२६ मध्ये झाला. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी गिरणगावालगतच्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहूड हाउस उभारले. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या आधाराने समाजकार्य शिकविणारी देशातील पहिली व्यावसायिक संस्था याच परिसरात सुरू झाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. ही संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने प्रसिद्ध पावली व १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

येथे घटनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी वस्तीशी नाते जुळले, मग अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी कोठे पाठवावे, असा प्रश्न त्या संस्थेपुढे पडलाच नाही. वस्ती शेजारीच होती आणि तिची दहा वर्षांची ओळख होती. पुढे ज्या ज्या ठिकाणी हा क्रम उलटला, म्हणजे आधी अभ्यासक्रम ठरला आणि मग त्याला जोडण्यासाठी गाव शोधले गेले, तेथे नाते कृत्रिम राहिले, असे हा इतिहास पाहताना वारंवार जाणवते.

बडोद्याचे विद्यापीठ

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. १८८१ पासूनचे बडोदा कॉलेज आणि १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेले कलाभवन यांची परंपरा या विद्यापीठाच्या पाठीशी होती. कलाभवनात रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे विषय शिकविले जात. म्हणजे हाताने करावयाचे काम शिक्षणात अप्रतिष्ठेचे मानू नये, हा संस्कार बडोद्यात आधीपासून होता.

पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच गृहविज्ञान आणि समाजकार्य या विद्याशाखा निघाल्या. विद्यापीठाच्या चौकटीत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या देशातील अगदी पहिल्या संस्थांत बडोद्याची गणना होते. ही घटना वाटते त्याहून महत्त्वाची आहे. तोपर्यंत वस्तीत जाऊन केलेले काम हा पुण्याचा, सेवेचा किंवा फार तर पदविकेचा विषय होता. आता ते काम पदवीचा अविभाज्य भाग झाले. आठवड्यातील काही दिवस वर्गात आणि काही दिवस रुग्णालयात, वस्तीत वा संस्थेत घालवावयाचे, कामाची नोंद लिहावयाची, पर्यवेक्षकाशी चर्चा करावयाची आणि या कामात अनुत्तीर्ण होणारा विद्यार्थी पदवीलाच मुकावयाचा, अशी समाजकार्य शिक्षणाची शिस्त देशभर रूढ झाली. गृहविज्ञान शाखेने बालविकासाच्या अभ्यासाला बालवाडीची जोड दिली. शहरातील पालक आपली मुले तेथे विश्वासाने पाठवीत, आणि विद्यार्थिनी त्या मुलांच्या सहवासात शिकत.

१९६६ मध्ये बडोदा सिटिझन्स कौन्सिल स्थापन झाली. शहरातील उद्योग, नगरप्रशासन, विद्यापीठ आणि नागरिक यांनी गरीब वस्त्यांच्या विकासासाठी एकत्र यावे, हा तिचा हेतू होता. विद्यापीठ हे येथे एकटे दाते नव्हते. अनेकांतील एक होते. ग्रंथालयांच्या जुन्या नियमाशी या रचनेचे साम्य सहज ध्यानात येते.

ग्रामीण संस्थांचा धडा

खेड्यांच्या दृष्टीने उच्च शिक्षणाचा विचार स्वातंत्र्यानंतर नव्याने झाला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ आयोगाने त्याचा धागा धरून ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. तिच्या अनुषंगाने १९५६ मध्ये केंद्र सरकारने देशभर ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था निवडल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ, अमरावतीची शिवाजी लोकविद्यापीठाची संस्था आणि सौराष्ट्रातील सणोसरा येथील नानाभाई भट्टांची लोकभारती या त्यांपैकी होत. गारगोटीच्या प्रयोगामागे जे. पी. नाईक यांच्यासारखा शिक्षणतज्ज्ञ उभा होता. शेती, सहकार, आरोग्य यांचे शिक्षण आणि आसपासच्या खेड्यांतील विस्तारकार्य यांची येथे सांगड घातली होती.

या संस्थांनी दिलेली ग्रामसेवा पदविका पदवीच्या बरोबरीची मानावी, असे ठरले होते. प्रत्यक्षात विद्यापीठांनी ती मानण्यास काचकूच केली आणि नोकरी देणाऱ्यांनी पदवीधरालाच पसंती दिली. विद्यार्थ्यांनाही पुढील शिक्षणाची दारे उघडी हवी होती. परिणामी यांपैकी बऱ्याच संस्था कालांतराने नेहमीच्या विद्यापीठांना संलग्न झाल्या आणि त्यांचे वेगळेपण मावळत गेले. लोकांशी जोडलेले शिक्षण जर कमी प्रतीचे म्हणून वेगळ्या दालनात बसविले, तर ज्यांच्यासाठी ते काढले तेच त्याकडे पाठ फिरवितात, हा धडा या प्रयोगाने दिला. खेड्यातील आईबापांनाही मुलाने पदवीच घ्यावी असे वाटत होते आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

१९६९ : दोन वाटा

१९६९ हे गांधी जन्मशताब्दीचे वर्ष. या एकाच वर्षी दोन उपक्रम सुरू झाले आणि दोघांचाही उद्देश विद्यार्थ्याला लोकांपर्यंत नेणे हा होता. पहिला म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह तिचा आरंभ झाला. पुढे ती देशभर पसरली. वर्षाला १२० तासांचे काम आणि दत्तक गावात विशेष शिबिर हा तिचा परिचित आराखडा. रस्तादुरुस्ती, वृक्षारोपण, रक्तदान, पूर आणि भूकंप यांसारख्या आपत्तींतील मदत यांत या योजनेतील मुलामुलींनी केलेले काम नाकारता येणार नाही. शहरात वाढलेल्या कित्येक तरुणांनी खेड्यातील मुक्कामाची पहिली रात्र याच शिबिरात काढली.

तरीही ही योजना पदवीच्या मुख्य अभ्यासाबाहेरच राहिली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावात खणलेल्या चराचा त्याच्या अर्थशास्त्राशी संबंध जोडला गेला नाही. गाव ‘दत्तक’ घेतले जाई. परंतु दत्तक या शब्दातच एका बाजूला पालक आणि दुसऱ्या बाजूला मूल अशी कल्पना आहे. शिबिर संपले, ट्रक परत गेला, आणि पुढील वर्षी कदाचित दुसरेच गाव निवडले गेले. गावाने शिबिराला शाळेची इमारत दिली, पाणी दिले, पंगत वाढली. हा गावाचा हिस्सा होता, पण त्याची नोंद कोणी अधिकार म्हणून केली नाही.

दुसरा उपक्रम म्हणजे वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. येथील विद्यार्थ्याचे शिक्षण शवविच्छेदनाच्या टेबलापासून सुरू होत नाही. आधी गांधीजींच्या आश्रमात काही दिवसांचा संस्कारवर्ग असतो. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव नेमून दिले जाते. पहिल्याच वर्षी सगळी तुकडी त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. घरात माणसे किती, पाणी कोठून येते, लहान मुलांचे वजन किती, लसी टोचल्या आहेत की नाहीत, याची नोंद तो करतो. महत्त्वाचे हे, की शिबिर संपल्यावर संबंध संपत नाही. पुढील वर्षांतही त्याच कुटुंबांकडे त्याच्या भेटी चालू राहतात. जंतूंविषयी जे पुस्तकात वाचावयाचे, ते तोपर्यंत त्याने एखाद्या घरातील रांजणाशेजारी पाहिलेले असते.

या कहाणीतील सर्वांत बोलका भाग ज्वारीचा आहे. सेवाग्रामच्या परिसरात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांच्या आरोग्यविम्याची एक योजना राबविली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करावयाची. जमीनवाल्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. आणि त्या बदल्यात गावाला आरोग्यसेवा व कस्तुरबा रुग्णालयात सवलतीचे उपचार. शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, पण सुगीला धान्य असते, हे ओळखून केलेली ही रचना होती. पायलीभर ज्वारी घालणारा माणूस रुग्णालयात याचक म्हणून येत नाही. औषध का मिळाले नाही, हे विचारण्याचा त्याला हक्क असतो. बडोद्याच्या वाचनालयात गावाची वर्गणी जे काम करीत होती, तेच काम सेवाग्रामच्या परिसरात ज्वारीने केले. त्या गावांत शिकणारा भावी डॉक्टर हक्काने बोलणाऱ्या माणसांत शिकत होता. शिक्षणाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

श्रेयांकांचे युग

१९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग म्हणून मान्य केले. १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला आणि विद्यापीठांत प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग निघाले. यातून पुष्कळ काम झाले. परंतु पदवीचा अभ्यासक्रम एका खोलीत आणि विस्तारकार्य दुसऱ्या खोलीत, ही विभागणी बहुतेक ठिकाणी कायम राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भिंत पाडण्याचे योजिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक दायित्व व लोकसहभाग यांविषयी राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम, त्यातील निम्मा वर्गात आणि निम्मा प्रत्यक्ष लोकांमध्ये, असे त्याचे स्वरूप आहे. महाराष्ट्रातील नव्या पदवी रचनेतही क्षेत्रप्रकल्प आणि लोकसहभाग प्रकल्प यांना क्रेडिट देण्यात आले आहेत. वैद्यकीय शिक्षणात राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम लागू केला. सेवाग्रामने अर्धशतकापूर्वी जे सुरू केले, ते अशा रीतीने सर्व देशाच्या अभ्यासक्रमात आले.

हा निःसंशय मोठा पल्ला आहे. तथापि जुना प्रश्न अद्याप जागेवर आहे. क्रेडिट विद्यार्थ्याला मिळतात. गावाला काय मिळते? सहामाहीचे वेळापत्रक परीक्षेवर ठरते; गावाचे वेळापत्रक पेरणी, सुगी, लग्नसराई आणि पाण्याची टंचाई यांवर. एकाच वस्तीत दर वर्षी नवे विद्यार्थी तीच प्रश्नावली घेऊन येऊ लागले, तर ती वस्ती दार लावून घेईल. मूल्यमापन करणाऱ्या समितीत वस्तीतील एखादी बाई, एखादा शेतकरी, ग्रामपंचायतीचा एखादा सभासद कोठे असतो? आणि विद्यार्थ्याने लिहिलेला अहवाल ज्यांच्याविषयी लिहिला त्यांना वाचता येईल अशा भाषेत असतो काय? १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढताना मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे एक प्रमुख सूत्र ठेवले होते. लोकभाषेतील शिक्षणाचा तो आग्रह येथेही तितकाच लागू आहे. ज्या भाषेत माहिती दिली, त्या भाषेत ती परत आली नाही, तर तो व्यवहार भागीदारीचा राहत नाही.

इतिहासाने दिलेली उत्तरे अवघड नाहीत. नागपाड्याने दाखविले की नाते अभ्यासक्रमाच्या आधी जुळावे लागते. बडोद्याच्या विद्यापीठाने दाखविले की लोकांतील काम पदवीच्या प्रतिष्ठेला बाध न आणता तिच्या केंद्रस्थानी ठेवता येते. ग्रामीण संस्थांनी दाखविले की ते दुय्यम ठरविले तर टिकत नाही. सेवाग्रामने दाखविले की संबंध वर्षानुवर्षे चालला पाहिजे आणि लोकांचा हिस्सा, मग तो ज्वारीचा का असेना, मानाने स्वीकारला पाहिजे.

या कामी जुन्या वाचनालयांची जागा वेगळी आहे. वाचनालय विद्यापीठाचे नसते आणि सरकारचेही नसते. ते सभासदांचे असते. परप्रांती रुजलेल्या मराठी समाजाने तर आपली वाचनालये बहुतांशी स्वतःच्या वर्गणीवर, देणगीदारांच्या औदार्यावर आणि बिनपगारी चिटणिसांच्या चिकाटीवर चालविली. विद्यार्थी आणि नागरिक ज्या मेजावर शेजारी शेजारी बसतात, असे ठिकाण शहरात क्वचितच दुसरे सापडेल. आपल्या गावाविषयी, वस्तीविषयी, पेठेविषयी विद्यार्थ्यांनी केलेल्या अभ्यासाची एक प्रत, लोकांच्या भाषेत, स्थानिक वाचनालयात दाखल झाली पाहिजे, असा साधा नियम विद्यापीठांनी केला आणि वाचनालयांनी त्यासाठी एक कपाट राखून ठेवले, तरी लोकांच्या माहितीवरील लोकांचा हक्क बऱ्याच अंशी जपला जाईल. कोणीही सभासद ते कपाट उघडील, आपल्या आळीविषयी काय लिहिले आहे ते वाचील आणि चुकले असेल तेथे समासात दुरुस्ती सुचवील.

बडोद्याच्या पेट्या गावात पोहोचत, तेव्हा त्या पेट्यांची वाट पाहणारे वाचनालय गावाने आधीच उभे केलेले असे. विद्यापीठातून निघालेला विद्यार्थी गावात पोहोचेल, तेव्हाही त्याची वाट पाहणारे, त्याला प्रश्न विचारणारे आणि त्याच्या कामाचा हिशेब मागणारे काहीतरी तेथे उभे असले पाहिजे. तो तिसरा हिस्सा भरला गेला, तरच पदवी खऱ्या अर्थाने लोकांची होईल.